धाकलीचा पंखा कशात अडकला

अन्याय झाला तो दत्ताराम नावाच्या, लाकडी होड्या बांधणाऱ्या सुतारावर. ते माझे वडील. झाला तो नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भरती अर्धी भरलेली असताना, मिरकरवाडा बंदराच्या तोंडाशी, बंधाऱ्याच्या शेवटच्या दगडापासून हाकेच्या अंतरावर. मी तेव्हा बारावीत होते. अन्याय करणारे तिघे होते: एक साहेब, एक सर आणि मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून रहस्याची अपेक्षा धरणार नाही. मी लिहायला शिकले ती पत्रकं लिहून. पत्रकात कोणाचं नुकसान झालं ते पहिल्याच ओळीत सांगायचं असतं, कारण दुसरी ओळ येईपर्यंत लोक त्यात भजी गुंडाळतात.

आठवणी लिहायचं हे वय नव्हे, असं आमच्या किनारा स्वच्छता मोहिमेतल्या वडीलधाऱ्यांनी मला सांगून झालंय. अजून तिशी आली नाही, इतक्यात कसलं आत्मकथन, म्हणतात. पण मला ही किळस म्हातारपणापर्यंत पोटात ठेवायची नाही.

आमचं घर मिरकरवाड्याच्या वरच्या चढावर. खाली बंदर. घरात घड्याळ होतं, पण ते बघायची वेळ कोणावर येत नसे. बर्फ फोडायचं यंत्र घरघरायला लागलं की आई उठायची, लिलावाचा कालवा सुरू झाला की मी आंघोळीला जायची आणि कालवा संपून नुसते कावळे उरले की शाळेची वेळ झालेली असायची. घराला लागून बाबांचा मांगर होता, म्हणजे पत्र्याची शेड. माझ्या लहानपणी त्यात सबंध दिवस वाकस चालायचा. लाकूड तासल्याचा तो टकटक आवाज इतका सवयीचा होता की तो थांबला की मी झोपेतून दचकून उठायची. मग फायबरच्या होड्या आल्या. बाबांकडे लाकडी होडी सांगायला कोणी येईना. ते दुसऱ्यांच्या फायबरला पडलेली भोकं बुजवायला लागले. संध्याकाळी घरी आले की अंगभर फायबरमधल्या काचेची बारीक कुसळं लागलेली असायची. आई खोबरेल तेल लावून ती पुसून काढायची आणि बाबा म्हणायचे, "लाकूड टोचतं ते दिसतं तरी. हे टोचतं कुठनं तेच कळत नाय." जेवायला तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा. बांगड्याचा वास मला आवडायचा, अजून आवडतो. बंदराला घाण वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना मासळीचा वास घाण वाटतो. जळलेल्या तेलाचा, कुजलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा आणि गुटख्याच्या थुंकीचा वास येतो, त्याबद्दल ती माणसं बोलत नाहीत, कारण तो वास ती स्वतः घेऊन आलेली असतात.

रत्नागिरी शहरात विज्ञानाची हौस असलेल्या लोकांचं एक मंडळ होतं. आमच्या कॉलेजातले सावंत सर त्याचे प्रमुख. रिमोटवर चालणारी छोटी होडी मांडवीच्या जेट्टीपासून मिरकरवाड्याच्या बंधाऱ्यापर्यंत उघड्या समुद्रातून न्यायची, असं त्या वर्षी मंडळाने ठरवलं. तळ्यात अशा होड्या कोणीही चालवतं, भर समुद्रातून आपल्याकडे कोणी नेलेली नाही, असं सरांचं म्हणणं. मंडळाने बाहेरून मागवलेली तयार होडी मांडवीच्या पहिल्याच लाटेत उलटी झाली आणि तिच्यातली यंत्रं खाऱ्या पाण्याने जागीच मेली. मी म्हटलं, "सर, माझे बाबा होड्या बांधतात." सर चढ चढून आमच्या मांगरात आले, तासलेल्या लाकडाच्या ढिगात उभे राहिले आणि घाम पुसत म्हणाले, "दत्ताराम, खेळण्यातली बांधायचीय. जमेल ना?"

बाबा म्हणाले, "खेळण्यातली नाय जमणार. होडी जमेल. लहान बांधू."

त्यांनी ती खऱ्या होडीसारखीच बांधली. दीड हाताची. सागाचा कणा, फणसाच्या बारीक फळ्या, सांध्यांत काथ्या, वरून राळ आणि तेल. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, इतकी उंच उचलली की मी म्हटलं, बाबा, ही आकाशात जाणार काय. ते म्हणाले, "लाट काय लहान होऊन येत नाय तिच्यासाठी." तिचं नाव त्यांनी धाकली ठेवलं. मोटर, पाण्यात फिरणारा पंखा, बॅटरी, रिसिव्हर हे माझं काम. रिसिव्हर पाण्यापासून सांभाळायला मी आईचा घट्ट झाकणाचा डबा मागितला. त्यात ती लोणचं ठेवायची.

"डबा परत येणार काय?" आईने विचारलं.

"होडी आली तर डबा येईल."

"मग तुझ्या बापसाला सांग नीट बांधायला. होडीचं मला काय नाय, डबा चांगला हाय."

तिने लोणचं बरणीत काढलं, डबा तीनदा घासला, तरी त्याचा वास गेला नाही. धाकलीच्या पोटात शेवटपर्यंत कैरीच्या लोणच्याचा वास होता.

त्या दिवसांत केळशीचा एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, मांगरात येऊन गेला. त्याला खाडीत वापरायला लाकडी होडी हवी होती. घरात भाऊ फायबर म्हणत होते, ह्याचं मन लाकडात होतं. त्याने धाकली उचलून उलटीपालटी करून पाहिली, सांध्यांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, "ही जर तिकडून इकडे आली ना दत्ताराम, तर मी भावांचं तोंड बंद करतो. पौर्णिमा होऊ दे, येतो." तो गेल्यावर बाबांनी मांगराच्या कोपऱ्यातलं ताडपत्रीखाली झाकलेलं सागाचं जुनं लाकूड बाहेर काढलं आणि उन्हात ठेवलं. आईने मला खुणावलं, बघ. इतक्या वर्षांनी एक खरी होडी. सगळं तिच्यावर अवलंबून होतं आणि ती मिळणं धाकलीच्या हातात होतं.

नारळी पौर्णिमेला बंदरावर कार्यक्रम झाला. समुद्राला नारळ आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या वाहतात, त्याला माझी हरकत नाही. नारळ समुद्रात जातो, भिजतो, कुठेतरी लागतो, संपतो. पण त्या वर्षी आयोजकांनी 'सोन्याचे नारळ' काढले. म्हणजे नारळाला सोनेरी चकचकीत प्लास्टिकचा कागद आणि त्यावर स्टेपलरने टाचलेली लाल रिबीन. कॉलेजच्या मुलींना स्वयंसेवक म्हणून बोलावलं होतं. मीही होते. आम्ही मांडी घालून बसलो आणि सकाळभर नारळ गुंडाळले. मी प्रत्येकाला तीन पिना मारत होते, कारण दोन पिनांत कागद सुटायचा. साहेब आले, पांढरे कपडे, पांढरे बूट. साहेब म्हणजे बंदराच्या स्वच्छतेची जबाबदारी ज्यांच्याकडे होती ते. बंदर स्वच्छ झालं, असं त्यांनी माइकवर सांगितलं. मग एकेक करून ते सोनेरी नारळ समुद्रात गेले आणि टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दुपारी घरी नारळीभात होता. मी दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या जेट्टीवर माणसं जमली. सरांनी नियम वाचून दाखवला: सुरुवातीपासून शेवटपर्यंत नौकेला कोणाचाही हात लागता कामा नये. बाबांनी मान हलवली. रिमोटचा पल्ला कमी, म्हणून मागून एका होडीतून जायचं होतं. होडी हसनचाचांची. ते बाबांचे जुने दोस्त, मिरकरवाड्यातले ट्रॉलरवाले. चाचा इंजिनावर, बाबा पुढे, मधे मी आणि माझ्या शेजारी मोबाइलवर चित्रण करणारे सर. माझे दोन्ही हात रिमोटसकट पारदर्शक पिशवीत घालून मनगटाशी बांधले होते, पाणी उडू नये म्हणून.

धाकली सुटली. जेट्टीची सावली संपली तिथे पहिली मोठी लाट आली. धाकली तिच्यावर चढली, क्षणभर नुसती नाळ दिसली आणि पलीकडे उतरली. मी श्वास सोडला. समोरून लाट घ्यायची नाही, थोडी तिरकी घ्यायची, हे बाबांनी मला घरी ताटावर वाटी फिरवून शिकवलं होतं. त्यापुढचं सगळं मी तसंच केलं.

"दत्ता," हसनचाचा मागून ओरडले, "तुझी पोरगी होडी हाकतेय, का होडी पोरीला?"

"चाचा, मला बोलायला लावू नका. लाट बघू दे."

"बघ बघ. लाट काय तुला विचारून येणार हाय?"

बाबा हसले. समुद्रावर असताना ते हसायचे, जमिनीवर कमी. भगवती किल्ल्याची टेकडी हळूहळू मोठी होत गेली. पाणी हिरवं होतं, खोल होतं आणि स्वच्छ होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. उघड्या समुद्रात, जिथे सगळ्यांनी भीती घातली होती, तिथे त्या दीड हाताच्या होडीला काहीही झालं नाही. डब्यात थेंब गेला नाही. सांधा हलला नाही.

बंदराच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला. आधी तपकिरी, मग तेलाची निळी-जांभळी साय, मग तरंगणाऱ्या कचऱ्याचा पट्टा. भरती आत शिरत होती आणि सगळं बरोबर आणत होती. मी धाकलीला वळवून न्यायला बघितलं, पण पट्टा या बंधाऱ्यापासून त्या बंधाऱ्यापर्यंत होता, वळणार कुठे. मोटरचा आवाज चिरका झाला आणि बंद पडला. धाकली आडवी झाली. लाट तिला दगडांकडे ढकलायला लागली.

"पंखा अडकला," बाबा म्हणाले. चाचांनी न सांगता इंजिन कमी करून होडी जवळ घेतली. बाबा पोटावर पालथे झाले, त्यांनी डाव्या हाताने धाकलीचं मागचं टोक उचललं, उजव्या हाताची बोटं पंख्यात घातली आणि ओढून, पिळून, दाताने तोडून सगळं बाहेर काढलं. मग तिला पाण्यात सरळ ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सोड."

मी सोडली. धाकली निघाली. उरलेलं अंतर तिने बाणासारखं कापलं आणि बंधाऱ्याला नाळ लावून उभी राहिली.

सर तेवढ्यात ओरडले होते, "दत्ताराम, हात लावू नका." पण ते त्यांच्या तोंडून निघेपर्यंत सगळं झालं होतं. बाबांना खरंच कळेना. "हात कुठं लावला? ढकलली नाय, पुढे नेली नाय. पंखा मोकळा केला."

"सर," हसनचाचा म्हणाले, "माझ्या ट्रॉलरचा पंखा ह्या तोंडाशी कितीदा मोकळा करावा लागतो. माणूस खाली उतरतो. मग मी मासेमारीला गेलोच नाय म्हणायचं काय?"

सरांनी मोबाइल खिशात टाकला. बाबांनी पंख्यातून काढलेलं परत समुद्रात फेकलं नव्हतं. ते होडीच्या तळाला, माझ्या पायापाशी पडलं होतं. मी ते पाहिलं. नायलॉनच्या जाळ्याचे धागे, त्यांत गुटख्याच्या पुड्या, दुधाची पिशवी, कोणाच्या तरी तान्ह्याच्या लंगोटाची फुगलेली चिंधी, काळं ग्रीस, माशाचं आतडं. आणि त्या सगळ्याला घट्ट आवळणारा, पंख्याच्या दांड्यावर दोरीसारखा पिळला गेलेला सोनेरी कागद. त्याला लाल रिबीन होती. रिबिनीला पिना होत्या. तीन. तो माझ्याच हातचा होता, की माझं बघून तीन पिना मारणाऱ्या शेजारच्या मुलीचा, ते मी सांगू शकत नाही. बाबांच्या ओठाला ग्रीस लागलं होतं. त्यांनी दाताने तोडलेलं हेच होतं.

बंधाऱ्यावर साहेब हार घेऊन उभे होते. धाकली आली म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सर त्यांच्या कानाशी लागले आणि टाळ्या थांबल्या. बाबा तो बोळा पंच्यात घेऊन वर चढले, सरांपुढे धरला आणि म्हणाले, "हे पण लिवा." सर म्हणाले, "आधी ते बाजूला ठेवा. साहेबांच्या कपड्यांना लागेल." एवढंच. दीड हाताच्या लाकडी होडीने समुद्र पार केला होता आणि तिथल्या सगळ्या माणसांना काळजी होती ती पांढऱ्या पँटीची.

चार दिवसांनी सरांनी मला मंडळाच्या खोलीत बोलावलं. स्मरणिका छापायची होती. अहवाल मी लिहावा, कारण चालक मीच होते. मोहीम बाद ठरली, हे सर म्हणाले ते मला पटलं नाही, पण समजलं. हात लागला होता. प्रश्न होता कारणाचा.

"कचरा लिहिते, सर."

"स्मरणिकेत पहिला फोटो साहेबांचा आहे, स्नेहल. त्याच्यामागच्या पानावर कचरा कसा लिहायचा? त्यांनी परवाच बंदर स्वच्छ झालं म्हणून सांगितलंय."

"पण पंख्यात तेच होतं."

"शास्त्रीय अहवालात दोनच कारणं येऊ शकतात. एक, चालकाची चूक. दोन, बांधणीतील दोष. चालकाची चूक लिहिलंस तर मंडळाच्या प्रमाणपत्रावर तुझ्याबद्दल मी काय लिहू? तुला पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जायचंय." मग ते अगदी मायेने म्हणाले, "दत्तारामना काय फरक पडतो? ते थोडेच परीक्षेला बसलेत."

सरांचा मला राग येतो, पण त्यांचं ते वाक्य मी जितकी वर्षं तोंडात घोळवते आहे तितकी किळस वाढते, कारण त्या वेळी मला ते वाक्य बरोबर वाटलं होतं. मला सुटल्यासारखं झालं. मी पेन उचललं आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'बंदराच्या मुखाशी बांधणीतील दोषामुळे नौका बंद पडली.' खाली सही केली.

स्मरणिका आली तेव्हा बाबा जेवून ओट्यावर बसले होते. आई भांडी घासत होती. "वाच," बाबा म्हणाले. मी वाचायला लागले. त्या ओळीपाशी आले आणि न थांबता वाचलं, "बंदराच्या मुखाशी कचऱ्यामुळे नौका बंद पडली." पुढचंही वाचलं, शेवटपर्यंत.

"चांगलं वाचतेस," बाबा म्हणाले. "छापलंय ते मी सकाळी सलूनात वाचलं."

आईच्या हातातलं भांडं थांबलं.

"खाली नाव तुजं हाय. म्हंजे तूच लिवलंस."

"हो."

"कोणी सांगितलं?"

"सरांनी. चालकाची चूक नायतर बांधणीतील दोष, म्हणाले."

त्यांनी स्मरणिका माझ्या हातातून घेतली आणि मिटून बाजूला ठेवली. "मग बरं केलंस," ते म्हणाले. "मला आता कोण होड्या सांगतोय. तुला शिकायचं हाय."

आई मात्र गप्प राहिली नाही. "माझा डबा कोरडा आला," ती म्हणाली. "दोष असता तर डब्यात पाणी असतं. हे तुला लिहिताना आठवलं नाय काय गो?" एवढं साधं होतं. कोरडा डबा हा पुरावा होता आणि तो आमच्या घरात, फळीवर, पुन्हा लोणचं भरून ठेवलेला होता.

केळशीचा तांडेल आला. चहा घेतला, मांगराबाहेर उन्हात ठेवलेल्या सागावर बसला. म्हणाला, "मला तुझ्या हाताची खात्री हाय रे दत्ताराम. पण भाऊ तो कागद दाखवतात. तुझ्याच पोरीची सही हाय म्हणतात." त्या भावांनी फायबरची घेतली. बाबांनी साग पुन्हा ताडपत्रीखाली ढकलला. तो अजून तिथे आहे. बंदरावर कोणाची होडी बंद पडली की "दत्तारामची बांधणी काय रे" असं अजून विचारतात. हसत विचारतात. बाबाही हसतात. वाकसाचा आवाज मी त्यानंतर ऐकला नाही. आणि ज्या प्रमाणपत्रासाठी हे केलं, ते प्रवेशाच्या खिडकीवर कोणी मागितलंसुद्धा नाही.

तो बोळा बाबांनी धुतला नाही. मांगरातल्या खिळ्याला टांगला. इतक्या वर्षांत आतडं सुकून गळून पडलं, ग्रीस धुळीने पांढरं झालं. सोनेरी कागदाचा रंग आहे तसा आहे. बंदराच्या तोंडाशी पट्टाही आहे तसा आहे. दर नारळी पौर्णिमेला मी पत्रकं घेऊन तिथे उभी असते, लोक नारळ आणि पत्रक एकाच हातात धरतात आणि दोन्ही समुद्रात टाकतात.

म्हणून आता पत्रक नाही. ती स्मरणिका रत्नागिरीत पुष्कळ घरांत आहे, शाळांच्या आणि वाचनालयांच्या कपाटांत आहे. तुमच्याकडे असेल तर आज काढा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी जा. साहेबांच्या फोटोमागचं पान उघडा. 'बांधणीतील दोषामुळे' हे शब्द पेनाने खोडा, पेन्सिलीने नको. वर लिहा: 'आम्ही टाकलेल्या प्लास्टिकमुळे'. मग ती प्रत घेऊन मिरकरवाड्याचा चढ चढा आणि मांगरात बसलेल्या माणसाच्या हातात द्या. तो वाचू शकतो. आणि खाली तुमची सही करून आणा. माझी तिथे आधीच आहे.